मोहाखालचा पहिलीचा वर्ग

“मास्तर पोरायले मोह वेचाले लावते, अन् पगार सरकारचा खाते. उद्या डिप्टी साहेब शाळा तपासाले येऊन राह्यले. आता पाह्य गंमत!” आमचा स्वयंपाकी वनरक्षकाला सांगत होता. मी पडद्याआड उभी होते.

वडील रेंजर होते. नागपूरचं कॉन्व्हेंट संपवून मी त्यांच्याकडे, एटापल्लीच्या पुढच्या जंगलात, राहायला आले होते. मराठी वाचता येई. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी कुणाच्या तरी मागे सरके.

मास्तर म्हणजे सीताराम गुरुजी, सिंदेवाहीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. अंगानं काटकुळे, धोतर गुडघ्यापर्यंत. भेटले की म्हणत, “लहान बाई, बोलत काऊन नाई? शब्दायचं लोणचं घालता का?” मी खाली बघून हसे. त्यांना सवय होती. पहिलीची मुलंही आधी कित्येक दिवस गप्पच असत. घरात गोंडी, पुस्तकात मराठी. गुरुजी मोडकीतोडकी गोंडी बोलू लागले. मुलं त्यांच्या चुकांना हसली आणि हसता हसता बोलती झाली.

मोहाच्या दिवसांत मात्र शाळेत कुणी फिरकत नसे. पहाटे फुलं गळत. ऊन चढायच्या आत, गुरांनी खायच्या आत ती वेचावी लागत; पावसाळ्यात बऱ्याच घरांत तेवढंच शिजे. म्हणून गुरुजींनी वर्गच झाडाखाली नेला. फुलं दिसावीत म्हणून लोक तिथला पाचोळा आधीच जाळून ठेवत. त्या काळ्या जमिनीवर गुरुजी बोटानं अक्षर ओढत, मुलं त्या रेघेवर फुलं मांडत; पुढं पुढं अक्षरही तीच ओढू लागली. अक्षर मोठ्यानं म्हणायचं, मग ती फुलं आपल्या टोपलीत टाकायची. “म्हन अन् उचल!” गुरुजी ओरडत. ऊन येईपर्यंत सगळा धडा टोपल्यांत गेलेला असे. मी रोज जरा बाजूला एका दगडावर बसून बघे.

पडद्याआड ऐकलेलं मी गुरुजींना सांगितलं, इतकं हळू की पुन्हा सांगावं लागलं. ते म्हणाले,

“पलीकडच्या गावची शाळा अशीच बंद केली त्यायनं. पोरं दिसली नाई म्हणून. लहान बाई, माही पोरं आता कुठी अक्षरं ओळखून राह्यली. शाळा गेली तं इथी पुन्हा कोन येईन?”

त्या संध्याकाळी ते दारोदार गेले. एक सकाळ मुलांना शाळेत पाठवा म्हणून हात जोडत राहिले. एका आईनं गोंडीत विचारलं, तुमचा साहेब पावसाळ्यात जेवायला घालणार का? गुरुजींनी ते मला मराठीत सांगितलं आणि म्हणाले, “खरंच हाय तिचं. म्या का सांगू तिले?”

शाळा वाचली नाही. पावसाच्या आत गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पण मला ते आठवतात ते साहेब आले त्या सकाळचे.

शाळा रिकामी बघून साहेब वडिलांबरोबर मोहाखाली आले. मुलं वाकून फुलं वेचत होती.

“वर्ग आहे हा? का दारूची भट्टी लावता, मास्तर?”

“शिकवून राह्यलो, साहेब. पोरायले विचारा ना.”

साहेबांनी समोरच्या मुलीला नाव विचारलं. ती टोपलीमागे दडली. दुसऱ्यालाही विचारलं. तो आणखी वाकून फुलं वेचू लागला.

“काल काय शिकवलं ते दाखवा. पाट्या कुठे आहेत?”

गुरुजींनी टोपलीकडे हात केला. “धडा यात हाय, साहेब.”

साहेब मोठ्यानं हसले. वडीलही हसले, ओशाळून. गुरुजी पुढे झाले आणि साहेबांच्या पायाशी वाकले. “माही नोकरी घ्या, साहेब. शाळा बंद करू नोका. पाया पडतो.” त्यांचे खांदे हलत होते. मुलं वेचायची थांबली. आपले गुरुजी रडतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ती मुलगी मात्र टोपलीआडून एकटक साहेबांच्या बुटांकडे बघत होती. मीही बघितलं. दगडावरून उठले आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“साहेब, पाय बाजूला घ्या,” मी म्हणाले. “तुमच्या बुटाखाली ‘म’ आहे. तो हिनं काढलाय.”