लिफ्टमनकाकांची पाठ

लिफ्टमनकाकांचा जन्म गेला लोकांना वरखाली नेण्यात. निवृत्त झाले आणि दिवस खायला उठला. थोरली बहीण, अक्का, त्यांच्याकडेच राहायची, पण दोघांचं बोलणं म्हणजे निम्मं भांडणच. अशात त्वचेच्या दवाखान्यात नव्या क्रीमवर उजेड पडला की ॲलर्जी होते का, या चाचणीसाठी माणसं हवीत असं कळलं, आणि काका नाव देऊन मोकळे झाले.

"म्हातारपणी पाठ भाड्याने दिलीस?" अक्का कडाडली. "तीही उजेडाच्या ॲलर्जीसाठी! जन्मभर त्या पेटीत उभा होतास, ऊन कधी बघितलंस?"

"म्हणून तर पाठ कोरी आहे," काका म्हणाले.

नर्सने त्यांच्या पाठीवर डावीकडे-उजवीकडे त्या क्रीमची एकेक चौकोनी पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी उजवीकडची काढून तिथे दिव्याचा प्रकाश दिला. डावी बाजू झाकलेलीच ठेवली. आंघोळ बंद, म्हणून काका तेवढे वैतागले.

पुन्हा तपासायला गेले तेव्हा नर्स पाठीवर वाकून निरखू लागली. उजवीकडचा चौकोन लालभडक होऊन फुगला होता. डावीकडे त्याच क्रीमखाली कातडी स्वच्छ.

"म्हणजे नुसतं क्रीम नाही, त्यावर उजेड पडला की त्रास होतोय," ती म्हणाली. "हे क्रीम आता बाजारात यायचं अडणार बहुतेक."

काकांचा चेहरा उतरला. "अहो, माझ्या एकट्यापायी कशाला? थोडं खाजतंय, मी घेईन चालवून."

नर्सला हसू आवरेना. "काका, पाठीने तक्रार करावी म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं!"

घरी मलम लावायचं, तर हात पोचेना. अक्काने ट्यूब हिसकावली. "फीर तिकडे." बोटं टेकताच ती जरा थांबली. "केवढी रे झाली ही पाठ! आई कामाला गेली की थोपटून मीच निजवायची तुला."

 ती रोज संध्याकाळी मलम लावत राहिली, आणि लावताना भांडायची विसरत गेली.

आणखी दोघांना तसंच झाल्याने ते क्रीम बंद पडलं. "तुम्हाला मात्र ॲलर्जी झाल्यामुळे आता पुढच्या चाचण्यांत घेता येणार नाही," नर्सने फोनवर सांगितलं. काका हिरमुसले.

अक्का शेजारीच बसली होती. तिने खालच्या आवाजात विचारलं, "बायकांची पाठ चालते का, विचार ना."