जागा शिल्लक नाही

बंद पडलेली वस्तू बंद करून पुन्हा चालू करायची नाही, असा पण केलेला माणूस भिवंडी तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ. शेलार गावातल्या त्यांच्या घरी एकदा मिक्सर थांबला, तर "आधी का थांबला ते कळू दे" म्हणून दादांनी तीन दिवस कोणाला बटणाला हात लावू दिला नाही. वहिनींनी चौथ्या दिवसाची वाट न बघता पाटा धुऊन घेतला. लग्नात रुमाल टाकून अडवलेल्या खुर्च्या दिसल्या की दादा रुमालाचा मालक शोधत मांडवभर फिरत, आणि तो सापडेपर्यंत पंगत उठलेली असे.

कोन गावाजवळच्या औषधांच्या गोदामात आम्ही दोघे एकत्र होतो. ते गोदामाचा संगणक, म्हणजे युनिक्स सर्व्हर, सांभाळायचे, मी माल रवाना करायचो. तिथेही ते मला "पाव्हणे" अशीच हाक मारत, त्यामुळे हमालांना माझं खरं नाव कधी कळलंच नाही.

एकदा मे महिन्यात, भर दुपारी, मालाच्या नोंदींचा डेटाबेस अचानक पडला आणि उठेना. पडद्यावर एकच ओळ येई : जागा शिल्लक नाही. दोन नवे इंजिनिअर भराभर जुन्या फायली उडवत बसले. दादांनी पाहिलं, तर डिस्क अर्धी रिकामी. शीतगृहात इन्सुलिनचे खोके, दारात गाडी, नोंदीशिवाय माल हलवता येईना, आणि ड्रायव्हर विचारतोय, "साहब, कितना टाइम?"

"रीस्टार्ट मारा!" मॅनेजर ओरडले.

"न्हाय मारणार," दादा म्हणाले. "डिस्क न्हाय भरली, सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून वापरायची सामायिक मेमरी भरलीय. प्रोग्रॅम मेले, पण त्यांनी धरलेली जागा तशीच अडकून हाय. आणि तिथंच एक प्रोग्रॅम अजून जिता हाय. सकाळपासून स्कॅन केलेल्या खोक्यांची नोंद त्याच्याकडं हाय, ती अजून डिस्कवर उतरली न्हाय. रीस्टार्ट केलं की गेली. मग सगळे खोके या उन्हात बाहेर काढून परत स्कॅन करणार कोण?"

मॅनेजर म्हणाले, "नोंद गेली तर तुमची जबाबदारी."

"हाय ना," दादा म्हणाले.

मग त्यांनी यादी काढली. मेमरीचा प्रत्येक तुकडा कोणी बनवला, शेवटी कोणी वापरला, आता त्याला कोणी जोडलेलं आहे का, हे वहीत लिहून ज्याचं कोणीच उरलं नव्हतं तेवढाच पुसला. पाऊण तास गेला. मॅनेजर येरझाऱ्या घालत होते, मी गाडीचं दार दोनदा उघडून लावलं. शेवटी डेटाबेस उठला, नोंद एका खोक्याचीही न चुकता उतरली, आणि गाडी भरायला लागली.

दादा बाहेर येऊन पायरीवर बसले. पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. "घाबरलो होतो, पाव्हणे," ते हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी फाटकातून बाहेर पडली. दादांनी विचारलं, "कोणाला जाणार हे औषध?"

मी हातातल्या चलनाच्या प्रतीवर बघून अंबाडी गावातल्या औषधाच्या दुकानाचं नाव सांगितलं.

"दुकान न्हाय हो. माणूस."

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. मी अजून चलनं लिहितो. दुकानाच्या नावाशी पेन क्षणभर थांबतं, आणि मग पुढच्या ओळीवर जातं.