आमच्या आळीत मी आणलेली देवी

वयाच्या सतराव्या वर्षी मी एक युक्ती केली आणि महाळुंगे पडवळातली आमची अख्खी आळी एका सकाळीत आजारी पाडली.

तेव्हा देवीच्या रोगाची घरोघर भीती असे. लेकरांना देवी टोचायला जुन्नरचे एक मुसलमान गृहस्थ यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. खांद्याला पेटी, तोंडात पान, बोलणं गोड. पण टोचलेला दंड सडतो, असं मला विहिरीवरच्या एका बाईनं सांगितलं होतं. (तिचे स्वतःचे दोन्ही दंड टोचलेले होते आणि ती दोन हंडे एका दमात नेत होती, एवढं मात्र मला दिसलं नाही.)

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. देवीनं त्यांचा चेहरा लहानपणीच पोखरला होता आणि पाठची दोन भावंडं नेली होती. घोडेगावच्या बाजाराला निघताना त्या उंबऱ्यावरून म्हणाल्या, “टोचणारा आला का ठकीला पुढं कर. मी येस्तोवर दंडावर खूण दिसली पायजे.”

ठकी माझी पहिली लेक, नुकती रांगायला लागलेली. मी मान डोलावली. आत्याबाई वळणापलीकडे गेल्या आणि मी लिंबाची डहाळी मोडून दाराला अडकवली. घरात देवी आली की आम्ही अशी डहाळी लावतो. मग परका माणूस उंबरा ओलांडत नाही, आणि टोचणारा तर नाहीच नाही.

चाचा आले. डहाळी दिसताच वहाणा काढून त्यांनी लांबूनच हात जोडले आणि पुढे गेले. एवढं सोपं असेल असं मलाही वाटलं नव्हतं!

शेजारच्या चंद्राबाईलाही वाटलं नसावं. चाचा तिच्या दारी पोचायच्या आत तिथं डहाळी लागली. मग तिच्या जावेच्या दारी. मग समोरच्या घरी. चाचा आळीच्या टोकाला पोचले तेव्हा लिंबाचं झाड ओकंबोकं झालं होतं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक. वरच्या आळीत न जाताच त्यांनी सरकारात खबर द्यायला घोडेगावची वाट धरली.

आता देवी आली म्हणजे तिचे नियम आले. फोडणी बंद, तेल बंद, दाढी बंद. आमचे हे शेतातून भुकेले आले, त्यांना कोरडा दहीभात वाढला आणि अंथरूण गोठ्यात टाकलं. आजारी लेक भाकरीचा तुकडा चोखत त्यांच्या पायांशी रांगत आली. पोरीला झालंय तरी काय, असं त्यांनी विचारलं. देवी अजून आतच आहे, बाहेर यायचीय, असं मी सांगितलं. त्यांनी ठकीलाच नमस्कार केला.

दिवेलागणीला आत्याबाई आल्या. दारोदार डहाळ्या बघून त्यांच्या हातातली पिशवी गळाली. घरात शिरल्या आणि ठकीपुढं आडव्या झाल्या. “राजुरीत लेकरं पुरत्यात म्हनून बाजारात आयकलं,” त्या रडत म्हणाल्या, “आन् हितंबी आलीच का गं, आई?”

ठकीनं खेळ समजून त्यांचा अंबाडा ओढला. मी मात्र तिला ओढून पोटाशी धरलं. राजुरीची माणसं आमच्याच बाजाराला यायची. रोग वाटेवर होता, आणि टोचणाऱ्याला मीच दारातून परत लावलं होतं.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “देवी न्हाई आलेली. मीच आनलीया.”

त्यांनी मला मारलं नाही. (देवी असलेल्या घरात हात उगारत नाहीत. खोटी का होईना, त्या दिवशी एवढी तरी उपयोगी पडली.) त्या उठून घरोघर गेल्या. सगळ्याजणी रडत कबूल झाल्या. पण डहाळी आधी काढणार कोण? थट्टेनं बोलावलेली देवी रागावून खरोखरच आली तर? रोगही दारात आणि देवीही! मी कोपऱ्यात बसून नुसती ठकीचं कपाळ चाचपत राहिले.

सकाळी आत्याबाईंनी देवीची पाठवणी काढली. पुढं मी, डोक्यावर ओटीची पाटी, कडेवर ठकी. मागं आळीतल्या साऱ्या आया लेकरं घेऊन. शिवेवर दहीभात ठेवला, नाकं घासली. बाया घरी वळणार तोच आत्याबाई रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या.

“देवी गेली,” त्या म्हणाल्या. “आता टोचायला चला.”

वरच्या आळीतल्या बाया आमची वरात बघून हसल्या, आल्या कोणीच नाहीत. पुढं त्यांच्या दारांना खऱ्या डहाळ्या लागल्या. इतक्या वर्षांत मी या गोष्टीवर पुष्कळांना हसवलं, पण ही दोन वाक्यं कधी हसत सांगता आली नाहीत.

घोडेगावात चाचांनी एकेक लेकरू उघडं करून पाहिलं. एकाच्याही अंगावर पुळी नाही. आत्याबाईंनी काही लपवलं नाही, माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. चाचांनी पहिली ठकी टोचली. ती जेमतेम कुरकुरली. मोठ्यानं गळा काढला तो मी. शेवटच्या लेकराचा दंड पुसून झाल्यावर त्यांनी पेटी मिटली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाई, मी साथी लई बघितल्या. आळी धरायला देवीला आठ-दहा दिस लागत्यात. तुमी न्याहारीच्या आत उरकलं.”