माझे आजोबा सुराबायाला होते

इथे जपानमध्ये, कोतोमधल्या आमच्या शनिवारच्या भाषावर्गात दोन वर्षांत माझं जपानी जेमतेम कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातल्या खरेदीपुरतं सुधारलं. किस्से मात्र इतके साचलेत की कुठून सुरुवात करू कळत नाही. आज रत्नाचे सांगते.

रत्ना इंडोनेशियाची, सुराबाया शहरातली. इथे वृद्धाश्रमात नोकरी करते. आम्हाला शिकवतात ओकादा-सान, पंचाहत्तरीचे, रिटायर्ड.

*

एकदा विषय होता, माझ्या देशाचा स्वातंत्र्यलढा. रत्ना उठली. महायुद्ध संपलं, देश ताब्यात ठेवणारे जपानी हरले, इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, तरी डच लोकांनी सुराबायातल्या एका हॉटेलवर आपला झेंडा चढवला. तिथली पोरं वर चढली आणि त्यांनी झेंड्याची निळी पट्टी फाडून टाकली. उरला लाल-पांढरा, म्हणजे त्यांचा स्वतःचा. ‘फाडली’ला जपानी शब्द आठवेना, म्हणून तिने हातातला कागद टर्रकन फाडला.

ओकादा-सान शांतपणे म्हणाले, “तो तुमचा होमवर्क होता.”

*

सगळे हसत होते, त्या भरात मी बोलून गेले, “माझे आजोबा होते सुराबायाला.”

“काय करायचे?” रत्नाने विचारलं.

“आर्मीत होते.”

“कुठल्या?”

“ब्रिटिशांच्या,” मी म्हटलं. झेंड्यानंतर काही आठवड्यांतच, हरलेल्या जपान्यांची शस्त्रं घ्यायला आलेली ब्रिटिश फौज त्या शहरावर तुटून पडली होती, आणि तिच्यात बहुतेक आपलेच जवान. पुढच्या शनिवारी रत्ना दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

*

मला चैन पडेना. नवरा म्हणाला, “ऐंशी वर्षं झाली, तू कशाला टेन्शन घेतेस?” शेवटी साताऱ्याला बाबांना फोन लावला.

“ते तिथलं काही सांगायचे नाहीत,” बाबा म्हणाले. “एकदाच बोलले. पोरं बांबूचे भाले घेऊन रणगाड्यांवर धावून आली, म्हणाले. मग भरलं ताट तसंच ठेवून उठले.”

रत्नाला स्टेशनवर गाठून मी हे सांगितलं.

“त्या पोरांत माझे पणजोबा होते,” ती म्हणाली. “गुडघ्यात गोळी लागली. जन्मभर लंगडत चालले.”

“कोणाची गोळी?”

“घरात कोणी विचारलं नाही. तूही नको विचारू.”

*

पुढच्या शनिवारी वर्गात आम्ही हे सांगितलं, तर ओकादा-सान बराच वेळ कोराच फळा पुसत राहिले. मग म्हणाले, “माझे वडील तिथेच होते, जपानी सैन्यात. आम्ही हरलो होतो. बंदुका इंग्रजांच्या ताब्यात द्या, असा हुकूम होता. त्याआधीच ती पोरं बंदुकांच्या कोठाराशी आली. वडिलांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा प्यायला गेले.”

“परत आले तेव्हा?”

“किल्ली जागेवर होती. बंदुका नव्हत्या.”

*

गेल्या महिन्यात रत्नाने वर्ग सुटल्यावर घरी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे तिची पणजी, त्या लंगडणाऱ्या पणजोबांची बायको. वय पंचाण्णव. रत्नाने तिला मी कोण ते सांगितलं. म्हातारीने डोळे बारीक करून मला न्याहाळलं. मग ती काहीतरी बोलली. रत्ना लगेच सांगेना.

“सांग ना, काय म्हणतात?”

“विचारतेय, तुझे आजोबा घरी पोचले का?”

“पोचले,” मी म्हटलं.

रत्नाने तिला ते सांगितलं. म्हातारीने मान डोलावली, फोन आणखी जवळ घेतला आणि पुन्हा काहीतरी विचारलं.

“आता काय?”

“म्हणतेय,” रत्ना म्हणाली, “तू जेवलीस का?”