शुद्ध देशी डब्यावरचे झेंडे

तुम्ही घरचेच म्हणून सांगते, नाहीतर आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत मी हा विषय निघूच देत नाही.

चातुर्मासात आपल्याकडे काहीतरी सोडायची पद्धत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. आमच्या निनादची नोकरी गेलेली. कंपनीने अख्खा विभागच बंद केला आणि मुलगा दिवसभर खोलीत लॅपटॉपपुढे. मी देवापुढे हात जोडले. म्हटलं, याला नोकरी लागेपर्यंत परदेशी पदार्थ तोंडात घालणार नाही. पिझ्झा नाही, पास्ता नाही, नूडल्स नाहीत.

"आई, यातलं तुला आवडतं काय?" निनादने विचारलं.

"प्रश्न आवडीचा नाही, निश्चयाचा आहे."

वर सोमवार आणि एकादशीचे उपास होतेच. अगदी कडक.

शेजारी लुसिया राहते, मूळची मेक्सिकोची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि हिंदी माझ्यापेक्षा बरं बोलते. तिने दिल्लीतली, फरीदाबादची सगळी लॅटिन अमेरिकी कुटुंबं जमवून क्लबहाउसमध्ये एक रविवार ठरवला. त्यांची गाणी, त्यांचा नाच, त्यांचं जेवण. आमंत्रणाला स्वतः आली.

"आंटीजी, आपको आना है और खाना भी है."

"आऊँगी बेटा, पर खाऊँगी नहीं. बाहर देश का कुछ नहीं चलता. और उस दिन एकादशी भी है."

"तो अपना ले आइए. हम खा लेंगे."

इतक्या प्रेमाने म्हणाली की मला वाटलं, हिला एकदा सात्त्विक म्हणजे काय ते दाखवावंच. पहाटे आंघोळ करून कामाला लागले. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने. हिरवी मिरची घालून बटाट्याची भाजी. रताळ्याचा कीस. राजगिऱ्याचे लाडू.

क्लबहाउसमध्ये डबा उघडला आणि, कुणी विचारलं नव्हतं तरी, चार शब्द बोलले. "ये हमारा ऋषि-मुनियों का खाना है. हज़ारों साल पुराना. इसमें बाहर का कुछ नहीं."

लुसियाने लाडू तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, मिरचीचा हात लागला की काय.

"आंटीजी, ये तो मेरी नानी बनाती थीं. मेक्सिको में."

मग तिने माझा डबा उचलून मधल्या टेबलावर नेला. तिथे कुठला जिन्नस मूळचा कुठल्या देशाचा ते दाखवायला काडीला लावलेले छोटे कागदी झेंडे होते. लाडवावर मेक्सिकोचा लागला. मिरचीवरही मेक्सिकोचा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो ब्राझीलचा, म्हणून खिचडीवर ब्राझील. बटाट्यावर पेरू देशाचा. रताळ्यावर आणि दाण्याच्या कुटावर कुठला लावायचा यावरून तिचं आणि एका ब्राझीलच्या बाईंचं चांगलंच वाजलं. झेंड्याशिवाय उरलं ते तूप, जिरं आणि सैंधव.

लुसियाने माइक घेतला. "लोग पूछते हैं, हमने इस देश को क्या दिया. आंटीजी ने आज जवाब बना के दिया है."

टाळ्या झाल्या. पदार्थांचं पहिलं बक्षीस मला मिळालं. फोटोत मी हसते आहे, पण ते हसू नाही.

घरी आल्यावर निनादला विचारलं, "फळं तरी आपली ना?"

त्याने मोबाइलवर बघायला सुरुवात केली. "पपई त्यांची. पेरू, चिकू, अननस, तेही."

"आणि सीताफळ?" सीतामाईच्या नावाचं फळ, त्यावर तरी संशय नको.

त्याने बघितलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

म्हणजे आषाढापासून माझा नवस मोडत होता. तोही एरवीच्या दिवशी जरासा, आणि उपासाच्या दिवशी ताट भरून. पोराची नोकरी मीच अडवून धरली होती की काय? रडू आवरेना. फरीदाबादच्या आमच्या गुरुजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

गुरुजींनी आवाज खाली आणला.

"वहिनी, हे आणखी कुणाला बोललात का?"

"नाही हो."

"नका बोलू. माझ्याही पुढ्यात आत्ता खिचडीच आहे."

"पण नवसाचं काय, गुरुजी?"

"खरं सांगू का? तुम्ही सोडलं काय, तर जे कधी खातच नव्हता ते. देवाला यात मिळालं काय? आवडीचं सोडा, तो ऐकेल."

पटलं. त्याच क्षणी खिचडी सोडली. दाणे, बटाटा, मिरची, सगळं सोडलं.

सोमवार उजाडला. निनादची दुपारी मुलाखत होती. सकाळी दूध घेतलं, मग एक केळं. दहा वाजता दुधाबरोबर नुसती भगर. अकराला पुन्हा भूक. इतकी वर्षं उपास करते आहे, पण उपासाला भूक लागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाराच्या सुमारास निनाद खोलीतून बाहेर आला, तर मी देवापुढे बसलेली, डोळ्यांतून धारा.

"आई, अगं किती काळजी करशील माझी? लागेल नोकरी."

त्याला जवळ घेतलं. काय सांगणार? इतके महिने देवाकडे नोकरी मागत होते ती मुलासाठी. त्या दुपारी पहिल्यांदाच मनापासून मागितली, ती स्वतःच्या पोटासाठी.