भुईमुगाला उसाचं पाणी

माझं माहेर लातूरकडं, कोरडवाहू. सातवीत शाळा सुटली. पुढं लग्न होऊन राधानगरीच्या अंगाला आले, तेव्हा पाटातनं वाहणारं पाणी बघून वाटलं, कुणीतरी विसरून सोडलंय. धावत जाऊन माती टाकून अडवलं. मामा, म्हणजे माझे सासरे, नुसते हसले. त्या माणसानं मला आजवर लागेल असं बोललेलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं अवघड झालं.

मामांनी जन्मभर ऊस केला. पिकाला काहीही होवो, त्यांच्याकडं औषधं दोनच, पाणी आणि युरिया. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, घरच्या शेंगांचं घाण्यावरचं तेल हवं होतं, म्हणून यंदा उन्हाळी भुईमूग केला. त्यालाही तीच औषधं. वीज आली की पंप सुरू. वेल गुडघ्याला लागले. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि मामा फुगायचे. त्याच भरात त्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला, "पावणं, काढणीला या. पोतं घिऊन या, भरून धाडतो!"

माहेराकडं फुलं यायच्या आधी भुईमुगाला जरा तहानेलं ठेवतात, मगच तो शेंगांचा विचार करतो. इथं नुसता पाला माजला होता. फुलातनं सुटणाऱ्या आऱ्या मातीत शिरल्या तर शेंग धरणार. आमच्या आऱ्या उंच वेलावर लोंबत होत्या. वडील रात्रभर एसटीत बसून येणार आणि रिकामं पोतं घेऊन परत जाणार! मामांना सांगायची छाती होईना. आत्तींना सांगितलं.

"मग ड्रम फिरवू की," त्या म्हणाल्या.

मामा शाहूपुरीच्या बाजारात पंपाचं सामान आणायला गेले, तसा आम्ही रिकामा ड्रम वेलांवरनं लोटायला घेतला. वेल झोपतात, आऱ्या मातीला टेकतात. अर्धं रान झालं आणि मामा आले.

"पीक हाय का डांबरी रस्ता? रोलर फिरवायला लागलायसा!"

"तेल पायजे का पाला?" आत्ती म्हणाल्या.

मामा उरलेल्या रानापुढं हात पसरून उभे राहिले. आत्ती थांबणार नव्हत्या, मीच ड्रम सोडला.

काढणीला वडील आले. मामांनी आपण वाचवलेल्या रानातला सगळ्यात उंच वेल कौतुकानं उपटला. खाली दोन शेंगा, त्यातली एक पोचट. मग आत्तींनी ड्रमखालचा वेल उपटला. त्याला शेंगा बऱ्या लागल्या होत्या.

"ड्रम कुणाचा?" मामा म्हणाले. "माझाच की!"

तेलापुरत्या शेंगा बाजूला काढल्यावर वडिलांचं पोतं अर्धंच भरलं. मामांना ते बघवेना. त्यांनी वर भुईमुगाचा वाळला पाला कोंबला, पायानं दाबला आणि तोंड शिवलं.

"पावण्याचं पोतं आमच्यातनं अर्धं जात न्हाय!"

मी वडिलांकडं बघायचं टाळलं. वडील पोत्याचं एक टोक धरत म्हणाले, "बरं झालं पावणं. निघताना शेळी इचारू लागली हुती, मला काय आणता म्हणून."

मामा असे हसले, की दुसरं टोक त्यांच्या हातनं सुटलं.