कडुलिंबाखाली सांगितलेली वर्षं

रेवणसिद्धला एका जागी बसवत नसे. जेवतानाही तो अर्धा उठलेला असायचा. देवणीच्या पशुपालक संस्थेचा तो सेक्रेटरी. गोठ्यात देवणी जातीच्या गायी आणि चार वळू. भोवतालच्या गावांची पैदास त्या वळूंवर चाले. ते गेले तर नुसती जनावरं नव्हे, वाणच जाणार, हे त्याला आतून कुरतडत राही.

उस्मानाबादपासून लातूर जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं होत आली होती. पाडव्याला देवळात पंचांग वाचलं, पाऊस बरा निघाला. दुसऱ्या दिवशी बैठकीत चेअरमन आप्पासाहेब म्हणाले, "आता जिल्हा आपला, साहेब आपला. चारा डेपो मागितला की हजर."

"आन् न्हाई आला तर?" रेवणसिद्ध म्हणाला. "पाऊसबी न्हाई, डेपोबी न्हाई, तर?"

"रेवणसिद्धा, वास्तू तथास्तु म्हणती. छपराखाली अभद्र बोलू नको."

दरवर्षी बोलणं इथंच तुटायचं. तेवढ्यात दारात उभा असलेला गुराखी व्यंकटी म्हणाला, "मंग भाईर बसा की! झाडाला कुठली आली वास्तू?"

सगळे हसले, आणि हसत हसत बाहेर गेलेही.

कडुलिंबाखाली रेवणसिद्ध म्हणाला, "पुढचा पाडवा आलाय असं धरा. साल कसं गेलं, सांगा. खरं-खोटं कुणी इचारणार न्हाई."

जिभा सैल झाल्या. एकानं अतिवृष्टीत कडबा कुजवला. एकानं श्रावणातच पाऊस पळवला. आप्पासाहेबांनी तर डेपोचा कागद लातूर आणि उस्मानाबादच्या कचेऱ्यांमधे असा हरवला की लोक पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर ध्यानात आलं, की दुष्काळाच्या प्रत्येक वर्षात जनावरांच्या पायांत बळ आहे तोवरच निघावं लागत होतं. ठरलं : पोळ्याआधी विहिरीची शेवटची पायरी उघडी पडली, तर कळप देगलूरकडे, मांजरेच्या काठी न्यायचा. तिथले गुरुबसप्पा आप्पासाहेबांचे सोयरे. त्यांनी निरोप धाडला, "या की."

मृगात पाऊस बरसला. श्रावण कोरडा गेला, पायरी उघडी पडली. पण बांधावर अजून हिरवं होतं, आणि आप्पासाहेब फिरले.

"पोळ्याला गोठा रिकामा? लोक तोंडात शेण घालतील."

"आज चालत जातील. पोळ्यानंतर उचलून न्यावी लागतील."

"आन् उद्या पाऊस पडला तर?"

"पडू द्या. भिजत माघारी येतो."

रेवणसिद्धला भाकरी बांधून देताना त्याची बायको नीलम्मा म्हणाली, "समदी वाईट सालं तुमालाच दिसत्यात. एखादं बरं साल आमालाबी सांगा की." तसं एक साल तो वाटभर शोधत राहिला.

वळूंची शिंगं मांजरेकाठीच रंगली. देवणीत डेपो दिवाळीनंतर उघडला. चारा आला, पण विहिरीत पाणी नव्हतं. आप्पासाहेब नदीवर येऊन वळूंच्या पाठीवर हात फिरवून गेले. रेवणसिद्धला मात्र चैन पडेना. आणखी गावांचे कळप उतरत होते. नदीचे डोह झाले, डोहांची डबकी.

एका सकाळी गुरुबसप्पा आले. "पाव्हणं, तुमची ढोरं वाचली. आता आमची मरत्यात."

रेवणसिद्धला कडुलिंबाखालची बैठक आठवली. झाडाखाली एवढी वर्षं सांगितली, त्यांतल्या एकातही या माणसाचं वर्ष नव्हतं. नदी म्हणजे नुसतं पोचायचं ठिकाण, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"शब्द दिलाय त्यांनी," व्यंकटी पुटपुटला. "हटायचं न्हाई."

"बस खाली," रेवणसिद्ध म्हणाला, आणि गुरुबसप्पांकडे वळला. "पाणी उन्हाळ्यापत्तुर पुरलं तर काय, न्हाई पुरलं तर काय? तुमीच सांगा."

गुरुबसप्पा कानडी-मराठी मिसळत बराच वेळ बोलले. त्यांच्या बऱ्या वर्षात दोन्हीकडची जनावरं कशीबशी तगत होती. वाईट वर्षात एकही उरत नव्हतं.

दुसऱ्या पहाटे गाभण गायी आणि दोन वळू गुरुबसप्पांच्या हवाली करून रेवणसिद्धनं उरलेला कळप गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वाटेला लावला. मागे राहिलेल्या तेवढ्या जनावरांचा भार इथल्या पाण्याला जड नव्हता. वाण दोन ठिकाणी असला, तर एका ठिकाणी तरी राहील.

"तिकडं आपलं वळखीचं कोण हाय?" व्यंकटीनं विचारलं.

"कुणी न्हाई. ढोरं पाण्यावर घालायच्या आधी त्या गावाला इचारू."